तिसऱ्या सेशनला पार्टी फुटते? आधी कॅरेक्टर शीट तपासा

डोंबिवलीत माझ्या घरी रविवारी दुपारी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) चालतं. यात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक माणूस, म्हणजे कॅरेक्टर, वठवतो, त्याचे गुण आणि स्वभाव शीटवर लिहिलेले असतात, काय जमलं ते फासे ठरवतात, आणि सगळ्या कॅरेक्टर्सची मिळून एक पार्टी. अडीच ते साडेपाच. त्यापुढे एक मिनिट नाही, कारण दोघांना कल्याणच्या पलीकडे जायचं असतं आणि मेगाब्लॉक असला की परतीच्या गाडीचा भरवसा नसतो. हातात तीन तास, चहा वजा जाता पावणेतीन. त्यातली चाळीस मिनिटं फुकट गेली की आठवडाभर डोक्यात राहतात.

मी डीएम आहे, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि बाकीची सगळी पात्रं करणारी. आतापर्यंत चार कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टी, सुरू केल्या, त्यातल्या तीन बंद पडल्या, आणि तिन्ही तिसऱ्या-चौथ्या सेशनच्या आसपास. प्रत्येक वेळी कारण वेगळं सांगितलं गेलं. कोणाची परीक्षा, कोणाच्या घरी लग्न, कोणाची शिफ्ट बदलली. आम्हीही ते मान्य करून टाकलं. खरं म्हणजे ज्याला यायचं असतं तो बहिणीच्या हळदीतूनही दोन तास काढून येतो. लोकांना येण्यात मजा वाटेनाशी झाली होती, आणि तिन्ही वेळा त्याची सुरुवात एकाच ठिकाणी सापडली: पहिल्या सेशनला जी कॅरेक्टर्स टेबलावर आली ती एकमेकांसाठी बनवलेलीच नव्हती.

चौथ्या कॅम्पेनमध्येही तेच होऊ घातलं होतं. तो बिघाड जवळून बघू, म्हणजे तुमच्याकडे तोच आहे का ते कळेल.

झालं काय

२०१४ साली आलेल्या स्टार्टर सेटमधलं (नवख्यांसाठीच्या खोक्यातलं) साहस चालू होतं. ज्यांनी खेळलंय त्यांना सुरुवात पाठ असेल. गंड्रेन नावाच्या ड्वार्फने (एक बुटका वंश) तुम्हाला कामावर ठेवलंय. नेव्हरविंटर शहरातून सामानाने भरलेली बैलगाडी फँडालिन गावी पोचवायची, पोचल्यावर प्रत्येकी दहा सोन्याची नाणी. वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेत आणि झुडपांत चार गॉब्लिन (छोटे राक्षस) दबा धरून बसलेत.

आमच्या वरच्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा रोग घेऊन आला होता. (रोग, म्हणजे चोर-बदमाश, हा क्लास आहे, कॅरेक्टरचा पेशा. देवनागरीत लिहिला की आजार वाटतो. त्या दिवशी तो होताही.) कॅरेक्टरचं नाव निशाचर. काळा झगा, भूतकाळ गूढ, दोन पानी बॅकस्टोरी.

"ताई, निशाचर कोणावरच विश्वास ठेवत नाही. तो गाडीबरोबर चालणार नाही. झाडांच्या आडून लांबून येईल."

"किती लांबून?"

"दीडशे फूट."

हल्ला झाला. निशाचरकडे दोन खंजीर. धनुष्य 'त्याच्या स्वभावात बसत नाही' म्हणून घेतलंच नव्हतं. त्याची चाल एका फेरीत तीस फूट, दुसरं काही न करता नुसतं धावलं तर साठ. पहिली फेरी धावण्यात गेली, दुसरीही धावण्यात गेली. तिसऱ्या फेरीत तो पोचला तेव्हा माझ्या भावाचा क्लेरिक (जादूने बरं करणारा पुजारी), धोंडोबा, जमिनीवर पडून डेथ सेव्ह, म्हणजे जगतो की मरतो ते ठरवणारे फासे, टाकत होता. पार्टीत बरं करणारा तो एकटा, आणि पडला तोच. शेवटी काकांच्या फायटरने (लढवय्याने) मेडिसिनचा रोल, म्हणजे उपचार जमतो का याचा फासा, टाकून त्याला मरता मरता सावरलं. (काका म्हणजे आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त. त्यांच्या फायटरचं नाव अण्णा. किती बाण उरले ते पासबुकासारखं तारखेनिशी लिहून ठेवतात.)

लढाई संपल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सॉर्सरेसने (जादूगारणीने), बिजलीने, अगदी रास्त प्रश्न विचारला: "हा झाडांतून आलेला माणूस कोण, आणि आपण त्याला बरोबर का घ्यायचं?"

मुलगा म्हणाला, "निशाचर उत्तर देत नाही."

पुढची चाळीस मिनिटं या एका वाक्यावर गेली. गॉब्लिनांची वाट समोर होती, पकडून नेलेल्या माणसाच्या खुणा जमिनीवर होत्या, आणि आम्ही एका उत्तर न देणाऱ्या माणसाची मुलाखत घेत बसलो होतो. काका दोनदा उठून पाणी पिऊन आले. पोरगा वाईट वागत नव्हता बरं का. शीटवर जे लिहिलं होतं ते तो मनापासून वठवत होता. शीटवरच चुकीचं लिहिलं होतं.

बिघाड कॅरेक्टरचा की खेळाडूचा?

हे आधी वेगळं करा, नाहीतर भलत्याच ठिकाणी पाना फिरवत बसाल. मी प्रत्येकाला एकेकटं गाठून एकच प्रश्न विचारते: "तुझं कॅरेक्टर उद्या सकाळी ही पार्टी सोडून का जात नाही?"

उत्तरात दुसऱ्या कॅरेक्टरचं नाव आलं ("धोंडोबाने मला सोडवलंय", "बिजलीला एकटं सोडलं तर ती गाव जाळेल") तर शीट ठीक आहे, दुखणं दुसरीकडे असेल. उत्तर "कारण तुझी गोष्ट तशी आहे" असं आलं, तर बिघाड शीटमध्ये आहे. ते कॅरेक्टर तुमच्या दोरीने बांधलेलं आहे. तुम्ही दोरी सैल सोडली की ते झाडांत पळणार. आणि "कोण म्हणतं जात नाही? गेलोच तर काय होईल?" असं उत्तर आलं, तर प्रश्न शीटचा नाही. त्याबद्दल शेवटी.

दुसरी चाचणी आणखी सोपी. मागचं सेशन आठवा आणि तुमच्या कॅरेक्टरने दुसऱ्या *खेळाडूच्या* कॅरेक्टरशी केलेली बोलणी मोजा. दुकानदाराशी, सरदाराशी, कैद केलेल्या गॉब्लिनशी केलेली धरू नका. ती डीएमशी झाली. आमच्या बंद पडलेल्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये मी हे मोजून पाहिलं होतं. एका अख्ख्या सेशनमध्ये दोन संवाद, आणि त्यातला एक "तुझ्याकडे दोर आहे का?" असा.

मूळ कारण: रात्री अकरा वाजता, एकट्याने, फोनवर

कॅरेक्टर बनतं कसं ते बघा. डीएम ग्रुपवर टाकतो, "रविवारी पहिलं सेशन, सगळ्यांनी लेव्हल एकचं कॅरेक्टर करून आणा." शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर प्रत्येक जण आपापल्या पलंगावर फोन घेऊन बसतो. डोक्यात एक चित्र असतं, बहुतेक कुठल्या तरी व्हिडिओ गेमच्या नायकाचं, आणि नायक नेहमी एकटा असतो. मग त्याचा भूतकाळ लिहिला जातो. आमच्या पहिल्या कॅम्पेनमध्ये पाचपैकी चार कॅरेक्टर्स अनाथ होती. चौघांचं गाव जळालं होतं. इतकी गावं एकाच हंगामात जळाली की त्या प्रांतात राहतं कोण, असं मला डीएम असून वाटायला लागलं.

हे पाच एकपात्री प्रयोग असतात. पाच नायक, पाच सूड, आणि 'नायकाचा मित्र' व्हायला कोणी तयार नाही. रविवारी आपण ते एका खोलीत कोंबतो आणि म्हणतो, चला, आता हे नाटक.

मेलेल्या कुटुंबांचा आणखी एक तोटा, जो मला उशिरा कळला: धरायला काही उरत नाही. ज्याचे आईबाप, भाऊ, गुरू सगळे गेलेत त्याला मी गोष्टीत ओढू कशाने? हयात असलेली, सारखी पैसे मागणारी एक धाकटी बहीण मला दहा मेलेल्या गुरूंपेक्षा उपयोगी पडते.

गंमत म्हणजे याचा इलाज त्या स्टार्टर सेटच्या खोक्यातच होता. त्यात पाच तयार कॅरेक्टर्स येतात. आम्ही ती तयार कपड्यांसारखी बाजूला टाकली; आपलं कॅरेक्टर आपण शिवून घ्यायला नको का! नंतर एकदा निवांत वाचली. त्यातला ड्वार्फ क्लेरिक हा गंड्रेनचाच भाऊबंद आहे. हाफलिंग (हाही एक वंश) रोगची एक आत्या फँडालिनमध्ये राहते. बैलगाडीबरोबर का जायचं, हा प्रश्न त्या कॅरेक्टर्सना पडूच शकत नाही. आपण ती फेकून आपली आणतो तेव्हा आकडे आणि तलवारी नव्याने लिहितो. आत्या लिहायची राहून जाते.

चालू कॅम्पेनची दुरुस्ती: स्वभाव खोडू नका, अपवाद लिहा

बहुतेक जण इथे चुकतात, मीही चुकले होते. "तुझं कॅरेक्टर जरा मनमिळाऊ कर ना" असं सांगितलं की खेळाडू दुखावतो. त्याने मेहनतीने केलेली वस्तू तुम्ही नापास केलेली असते. वर बदल केला तरी तो मन लावून खेळत नाही.

मी मुलाला सोमवारी जिन्यात गाठलं.

"निशाचर कोणावर विश्वास ठेवत नाही, बरोबर?"

"हो."

"तसाच राहू दे. फक्त उरलेल्या तिघांपैकी एक अपवाद सांग. कोण?"

तो दोन पायऱ्या वर चढला, थांबला. "धोंडोबा."

"का?"

"कारण… निशाचर तुरुंगात होता ना, तेव्हा हा देवळाकडून कैद्यांना जेवण घेऊन यायचा. बाकीचे खिडकीतून टाकायचे. हा आत येऊन बसायचा."

झालं. दोन पानांच्या बॅकस्टोरीत जे नव्हतं ते तीन वाक्यांत मिळालं. भावाला फोन करून विचारलं, तुझ्या धोंडोबाला हे चालेल का. तो म्हणाला, चालेल, पण तो खिचडीत मीठ विसरायचा असं लिही. पुढच्या रविवारी निशाचर गाडीच्या बरोबरीने चालत होता, धोंडोबाच्या डाव्या हाताला, आणि बाकी दोघांवर तेवढाच गुरगुरत होता. काळा झगा शाबूत, गूढपणा शाबूत, अंतर पाच फूट. दोन सेशननंतर मुलाने स्वतःहून धनुष्यही विकत घेतलं.

ही युक्ती मी तेव्हापासून जवळजवळ सगळीकडे वापरते. लोभी कॅरेक्टर? असू दे, कोणाच्या पैशाला हात लावत नाही ते सांग. रागीट? कोणासमोर आवाज खाली येतो? जादूगारांचा द्वेष? छान, मग बिजलीला का सहन करतोस? अपवाद कोण हे खेळाडूने सांगायचं, डीएमने नाही. आणि अपवाद टेबलावरच्या कॅरेक्टरचाच हवा. मेलेला गुरू चालणार नाही.

"माझं कॅरेक्टर असंच वागेल"

हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. रात्री सगळे झोपलेले असताना पार्टीच्याच पिशवीतून हिरा काढणारा, शरण आलेल्या कैद्याला परस्पर मारणारा, सरदाराच्या भर दरबारात त्याच्या बायकोची चेष्टा करणारा: सगळ्यांचं समर्थन हेच. इंग्रजी बोलणाऱ्या टेबलांवर या दुखण्याला 'माय गाय सिंड्रोम' असं नावच पडलंय.

वाक्य अर्धं खरं असतं, म्हणूनच फसवतं. कॅरेक्टर तसं वागेल हे बरोबर. पण कुठल्याही क्षणी कोणताही माणूस तीन-चार तऱ्हांनी वागू शकतो आणि त्या सगळ्या त्याच्या स्वभावाला धरूनच असतात. लोभी माणूस हिरा चोरेल. तोच लोभी माणूस हिऱ्याची किंमत काढून सगळ्यांना फसवणाऱ्या सोनाराशी तासभर भांडेलही. किंवा हिरा मीच सांभाळतो म्हणून हट्ट धरेल आणि रात्रभर जागत बसेल. तिन्ही लोभच. पहिल्यात एकाची मजा आणि तिघांचा मनस्ताप. उरलेल्या दोन्हींत सगळ्यांना काम मिळतं.

आमच्याकडे याला एक शब्द रूढ झालाय: खो. खो-खोत पाटीवर बसलेला गडी आपल्या मनाने उठत नाही, पाठलाग करणारा येऊन पाठीवर थाप देतो, "खो!", तेव्हा तो सुटतो. जो गडी खो न देता एकटाच धावत सुटतो तो कितीही जोरात पळो, बाकीचे आठ जण उकिडवे बसून राहतात. कॅरेक्टर काहीही करू दे, त्यातून दुसऱ्या कोणाला खो मिळतो का, एवढंच मी बघते. कोणी फारच एकट्याने पळायला लागलं की काका शांतपणे म्हणतात, "खो दे बाळा," आणि तेवढ्यावर भागतं.

याउपर एक नियम कागदावर लिहून भिंतीला चिकटवलाय: पार्टीतल्या कोणावर हात टाकलात, जादू केलीत, खिसा कापलात, तर ते यशस्वी झालं की नाही हे फासा ठरवणार नाही, ज्याच्यावर केलं तो खेळाडू ठरवेल. दोघांनाही मजा येत असेल तर तो "हो, चोरलास" म्हणतो आणि छान प्रसंग होतो. नसेल तर विषय तिथेच संपतो. हा नियम लागू झाल्यापासून पार्टीतल्या चोऱ्या बंद पडल्या.

बाकीची दुखणी पटापट. सगळंच येणारं कॅरेक्टर (कुलूपही मीच उघडणार, बोलणीही मीच करणार, वाघही मीच माणसाळवणार): त्याला शीटवर एक गोष्ट लिहायला लावा जी त्याला अजिबात येत नाही आणि पार्टीत कोणाला तरी येते. विनोदी नाव: कॅम्पेन हलकीफुलकी असेल तर 'बटाटावडा द बार्बेरियन' मजेशीर, भीतीदायक वाड्यात तिसऱ्या सेशनला त्याच्या नावाने सगळा रंग उतरतो, टोपणनाव करून मूळ नाव वेगळं ठेवा. गप्प बसणारं कॅरेक्टर: आधी विचारा, गप्प कॅरेक्टर आहे की माणूस. माणूस गप्प असेल तर त्याला तसंच मजा येत असेल, उगाच उठवू नका.

आकड्यांतला बिघाड

सगळेच दोष स्वभावाचे नसतात. काही गणितात असतात आणि ते दुरुस्त करायला सर्वांत सोपे.

फासे टाकून गुण (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) ठरवणं. चार फासे टाका, सर्वांत लहान वगळा, असं सहा वेळा. मजा येते, मान्य. पण एकदा माझ्या भावाला १८ आणि १६ आले आणि मैत्रिणीचा सर्वांत मोठा आकडा १३. पुढची सगळी सेशन भावाचा वार बसत होता आणि ती "चुकला" म्हणत फासा पुढे सरकवत होती. ती वैतागली ते आकड्यांमुळे, आणि तिलाच वाटत राहिलं की आपल्याला हा खेळ जमत नाही. आता आम्ही ठरलेले आकडे घेतो: १५, १४, १३, १२, १०, ८. यात नुकसान होतं असं वाटणाऱ्यांसाठी हिशेब: यांची सरासरी १२, आणि चार फाशांच्या पद्धतीची सरासरी साधारण १२.२४. पाव गुणासाठी टेबलावर असूया कशाला? (हा हिशेब काकांनी मांडला, हे सांगायला नकोच.)

बरं करणारा एकटाच असणं. "कोणीतरी क्लेरिक घ्या रे" ही जबाबदारी नेहमी सर्वांत शेवटी आलेल्याच्या किंवा सर्वांत भिडस्त माणसाच्या गळ्यात पडते. गरज नाही. बार्ड आणि ड्रुइड या क्लासकडे बरं करायची जादू असते, पॅलाडिनच्या हाताला गुण असतो, रेंजरलाही पुढे ती शिकता येते. महत्त्वाचं हे की दोघांना थोडं थोडं येऊ दे. हीलिंग वर्ड ही बरं करायची जादू ६० फुटांवरून बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य कृतीशिवायच्या जोड कृतीत) टाकता येते, म्हणजे पडलेल्याला उठवून त्याच फेरीत वारही करता येतो. दुसऱ्या कोणाकडे ती असती तर धोंडोबा तीन फेऱ्या धुळीत पडून राहिला नसता.

लपूनछपून जाणारा एकटाच असणं. रोग पुढे, बाकीचे मागे चिलखतं खडखडवत. मग "मी एकटा पुढे जाऊन बघतो" आणि अर्धा तास दोघांचाच खेळ. नियम वाचा: सगळ्यांनी मिळून लपत जायचं असेल तर प्रत्येकाने रोल टाकायचा, आणि निम्म्या किंवा जास्त जणांना जमलं तर अख्खी पार्टी लपली असं धरतात. म्हणजे चेन मेल (साखळीचं चिलखत) घातलेला अण्णा डिसॲडव्हान्टेजने (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा) कितीही वाईट टाको, दोघांना जमलं की चौघेही सुटले. हे कळेपर्यंत आमचा अण्णा प्रत्येक मोहिमेत बाहेर बैल सांभाळत बसायचा.

नवीन कॅम्पेन असेल तर

पहिला रविवार खेळायचाच नाही. शीट टेबलावर बनवायचं. हे म्हणजे 'सेशन झीरो', नावात नवीन काही नाही. पण बरेच जण त्या दिवशी तयार शीट घेऊन येतात आणि नुसती ओळख परेड होते. मी सांगते, रिकाम्या हाताने या, डोक्यात कल्पना असतील तर दोन आणा, एक नको. एकच आणली की तिचा हट्ट होतो.

क्रमही उलटा ठेवते. क्लास, वंश, आकडे सर्वांत शेवटी. सर्वांत आधी 'आपण एकत्र का?' हे ठरवायचं, आणि तेही सगळ्यांनी मिळून. ब्लेड्स इन द डार्क नावाच्या २०१७ च्या खेळात टोळीचं स्वतःचं वेगळं शीट असतं. टोळीचा धंदा काय, अड्डा कुठे, हे खेळाडू मिळून भरतात. ती सवय डी अँड डीत उचलायला कोणी मना केलेलं नाही. एका पाठकोऱ्या कागदावर पार्टीचं शीट करा. आमच्या मागच्या सेशन झीरोत तीन पर्याय निघाले होते: एकाच सावकाराचे कर्जदार, एकाच गावाने हाकललेले, आणि गावोगावी प्रयोग करत फिरणारी, पण मालक पैसे घेऊन पळालेली नाटक कंपनी. बहुमत घेऊ नका. ज्यावर सगळे एकदम बोलायला लागले तो घ्या. नाटक कंपनीवर लोक इतके एकदम बोलले की चहा निवला. ती आमची पावसाळ्यानंतरची कॅम्पेन.

मग कागद फिरवायचा. ही चाल २०१३ च्या फेट कोअर या खेळातली. प्रत्येकाने आपल्या कॅरेक्टरच्या एका जुन्या भानगडीची दोन वाक्यं लिहायची आणि कागद शेजाऱ्याला द्यायचा. शेजारी त्याच भानगडीत *आपलं* कॅरेक्टर कसं होतं याचं एक वाक्य घालतो. मग आणखी एक शेजारी. दोन फेऱ्यांत प्रत्येकाचे दोघांशी धागे जुळतात, आणि ते कोणी लादलेले नसतात. बारावीतल्या मुलाने लिहिलं, "राजाच्या मुकुटातला खडा मी बदलला." काकांनी खाली लिहिलं, "खोटा खडा मी पुरवला. पावती आहे."

त्याच दिवशी आणखी एक काम उरका. कोणते विषय या टेबलावर नकोत, ते चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचं, नाव न घालता. लहान मुलांना इजा, साप, काहीही. मी घरी वाचते, ते विषय गोष्टीतून काढते, कोणाला कारण विचारत नाही. नाहीतर कोणाचं तरी कॅरेक्टर अगदी अजाणता कोणाच्या तरी दुखऱ्या जागेवर बेतलेलं निघतं आणि मग ते शीट दुरुस्त होत नाही.

हे करू नका

कॅरेक्टर जुळत नाही म्हणून त्याच्यावर जास्त राक्षस सोडू नका. मी सोडलेत. निशाचरसारख्याला त्यातून "बघा, जग वाईटच आहे" हाच पुरावा मिळतो. सगळ्यांच्या देखत "तुझ्यामुळे वेळ जातोय" म्हणू नका. जिना, फोन, स्टेशनपर्यंतची वाट, ही त्याची जागा. आणि गोष्टीच्या आत राहून शिकवणी देऊ नका. खानावळवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडून 'एकीचं बळ' सांगितलंत तर टेबलावरचा प्रत्येक जण ओळखतो की ताई बोलतेय.

आता ते "गेलोच तर काय होईल?" म्हणणारे. त्यांना कॅरेक्टर बदलून देऊन उपयोग नसतो, तिसरं कॅरेक्टरही तेच करतं. बहुतेक वेळा त्यांना वेगळा खेळ हवा असतो. कोणाला नुसती लढाई, कोणाला नुसता अभिनय, कोणाला रविवारी घराबाहेर पडण्याचं निमित्त. स्पष्ट विचारा. आमचा एक जण असाच निघाला. एकांकिकांच्या तालमीतला माणूस, त्याला फासेच नको होते. तो आता दर दोन महिन्यांनी एकदा येतो, खलनायक करतो, आणि टेबल हादरवून जातो. पार्टीत असताना त्याने तिला तीनदा फोडलं होतं.

चालू गोष्टीत नवीन कॅरेक्टर आणायचं असेल तर

कधीकधी दुरुस्ती नकोच, नवीन घ्यावं. शीट फाडण्याची लाज नको. बाकीच्यांच्याच लेव्हलचं करा, आणि 'ओळख वाढेल हळूहळू' यावर सोडू नका. पहिल्याच वाक्यात कोणाशी तरी देणंघेणं असू द्या.

गेल्या महिन्यात काकांचा अण्णा मेला. डेथ सेव्हमध्ये सरळ एक पडला, तो दोन अपयशांच्या बरोबरीचा, आणि एक आधीच होतं, म्हणजे तीन पूर्ण. टेबल गप्प झालं. काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग वही बंद केली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी नवा आणतो."

पुढच्या रविवारी आला तो रेंजर. हरवलेली माणसं शोधून काढणं हाच त्याचा धंदा, थोडीफार बरं करण्याची जादूही येते (काकांनी पार्टीची वही बघून उणीव हेरली होती). पार्टी अण्णाला पुरून परत निघालेली, रस्त्यात हा उभा.

"अण्णा कुठे आहे?"

"गेला," धोंडोबा म्हणाला.

"अरेरे," काका म्हणाले आणि खिशातून खराखुरा घडी घातलेला कागद काढला. "स्प्लिंटचं चिलखत घ्यायला माझ्याकडून २०० सोन्याची नाणी नेली होती त्याने. खाली जामीन म्हणून तिघांची नावं आहेत. आता वसूल होईपर्यंत मी काही तुम्हाला सोडत नाही."

निशाचर एक पाऊल धोंडोबाच्या मागे सरकला.